सोळा जणांचं बोलावणं

आमच्या जिमखान्यात बिलियर्ड्स रूमच्या दाराबाहेर एक बोर्ड आहे. पावसाळा सुरू झाला की त्यावर टाचणीनं एक कागद लागतो: अंतर्गत स्नूकर स्पर्धा, नावं काउंटरवर द्यावीत. एंट्री फी भरली की झालात खेळाडू. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात धरलेला कॉलेजचा मुलगाही त्यात असतो आणि तीस वर्षं संध्याकाळी सातला न चुकता येणारे निवृत्त बँक मॅनेजरही. टेबलाचे तास लिहून ठेवणारे, लांबच्या फटक्यासाठी क्यूला टेकू देणारी रेस्ट हातात देणारे आणि फाउल झाला की मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी सांगणारे आमचे मार्करकाका या कागदाचे राखणदार.

जानेवारीत एकदा मी मोबाइलवर लंडनच्या मास्टर्स या स्नूकर स्पर्धेतली एक मॅच बघत होतो. काकांनी खांद्यावरून डोकावून विचारलं, "ही जिंकली की रँकिंगला किती पॉइंट?"

"शून्य."

"आणि हरला तर?"

"तेही शून्य. ही निमंत्रितांची स्पर्धा आहे."

काका हसले. "मग एवढा घाम कशाला गाळतायत?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्या स्पर्धेनं क्रमवारीत एका पायरीचाही फरक पडत नाही, ती स्नूकरच्या तीन सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक कशी झाली? उत्तरासाठी आधी थोडा खेळ, मग थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल.

खेळ पटकन उरकतो. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल. पंधरा लाल बॉल, सहा रंगीत आणि मारायचा एक पांढरा. लाल आत गेला की एक गुण आणि मग कुठलाही एक रंगीत मारायची मुभा: पिवळ्याला 2, हिरव्याला 3, तपकिरीला 4, निळ्याला 5, गुलाबीला 6, काळ्याला 7. रंगीत बॉल पुन्हा आपल्या जागेवर येतो, लाल येत नाही. लाल संपले की रंगीत याच क्रमानं उचलायचे. एकाच पाळीत पंधराच्या पंधरा लालांबरोबर दर वेळी काळाच घेतला तर 120, वर शेवटच्या सहा रंगीतांचे 27, म्हणून 147 हा जादूचा आकडा. टेबल एकदा रिकामं झालं की एक फ्रेम झाली, आणि 'बेस्ट ऑफ 11' म्हणजे जो आधी सहा फ्रेम जिंकेल तो पुढे. एवढं पुरे.

खरी गुंतागुंत टेबलाबाहेर आहे. व्यावसायिक स्नूकरपटू साधारण सव्वाशे. त्यांची जागतिक क्रमवारी ठरते पैशावर, आणि तीही शब्दशः. 2014 पासून नियम असा की मानांकन स्पर्धेत, म्हणजे क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत, जितके पौंड बक्षीस मिळवाल तितके तुमचे गुण. बेरीज मागच्या दोन वर्षांची. दोन वर्षांपूर्वी जिंकलेली रक्कम तारीख उलटली की खात्यातून वजा होते. बँकेतली मुदत ठेव मोडली जावी तसं. म्हणून एखादा जगज्जेता एका सोमवारी सकाळी काहीही न खेळता पाच-सहा पायऱ्या खाली घसरलेला दिसतो. त्याचे दोन वर्षांपूर्वीचे पाच लाख पौंड त्या दिवशी हिशेबातून गेलेले असतात.

आता या हिशेबात मास्टर्सचा पैसा कुठे बसतो? कुठेच नाही. 2025 साली शॉन मर्फीनं अंतिम सामन्यात कायरन विल्सनला 10-7 असं हरवून साडेतीन लाख पौंड नेले. आपल्या रुपयांत साडेतीन कोटींहून जास्त. बँकेत ते जमा झाले, क्रमवारीच्या वहीत एक पौंडही नाही.

कारण साधं आहे. जिथे सगळ्यांना खेळायची संधीच नाही, तिथली कमाई क्रमवारीत धरली तर वरचे कायम वरच राहतील. सोळा जण आत जाऊन गुण कमावणार आणि सतरावा घरी बसून बघणार, हा न्याय झाला नसता. म्हणून स्पर्धांच्या दोन पंगती केल्या. एकीत बहुतेक वेळा दौऱ्यावरचा प्रत्येक जण बसू शकतो, तिथले पैसे मोजले जातात. दुसरीत पान मोजक्यांनाच वाढतात आणि तिथलं जेवण हिशेबात धरत नाहीत.

पण मोजके म्हणजे कोण? 'निमंत्रित' हा शब्द थोडा फसवा आहे. लग्नपत्रिकेवर कुणाचं नाव घालायचं हे घरातली मोठी माणसं बसून ठरवतात, मग रुसवेफुगवे होतात. मास्टर्समध्ये आज असं कुणी बसत नाही. डिसेंबरमध्ये यॉर्कला यूके चॅम्पियनशिप संपते आणि त्या क्षणी क्रमवारीत जे पहिले सोळा असतील तेच पाहुणे. गतविजेत्याला पहिलं मानांकन, सध्याच्या जगज्जेत्याला दुसरं, बाकीचे क्रमानं. वरच्या आठ जणांच्या जागा तक्त्यात ठरलेल्या आणि खालच्या आठांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. नाव निमंत्रणाचं, पण बोलावणं धाडते ती संगणकातली यादी.

म्हणूनच यूके चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवसांत एक दुसरीच, न दिसणारी स्पर्धा चालू असते. पंधराव्या, सोळाव्या, सतराव्या क्रमांकावरचे खेळाडू आपली मॅच संपली तरी दुसऱ्याच्या स्कोअरकडे डोळे लावून बसतात. क्रमवारीत सोळावा आणि सतरावा यांच्यात काही हजार पौंडांचं अंतर असेल, पण जानेवारीत एक जण लंडनला असतो आणि दुसरा घरी सराव करत असतो.

सतराव्याचंही कधी कधी फळफळतं. 2020 मध्ये रॉनी ओ'सलिव्हननं खेळायचं नाही असं ठरवलं आणि त्याच्या जागी सतराव्या क्रमांकाचा अली कार्टर आला. राखीव म्हणून आलेला हा माणूस थेट अंतिम सामन्यात पोचला आणि स्टुअर्ट बिंगहमकडून 10-8 असा हरला. दोन फ्रेमनी हुकलं. 2023 मध्ये तर दोन जागा वेगळ्याच कारणानं रिकाम्या झाल्या: यान बिंगताओ आणि झाओ शिनतोंग हे दोघे सामनानिश्चितीच्या चौकशीत निलंबित झाले होते, त्यांच्या जागी इराणचा होसैन वफाई आणि इंग्लंडचा डेव्हिड गिल्बर्ट आत आले. यान हा 2021 चा मास्टर्स विजेता होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या प्रकरणाचा धक्का कळतो.

सुरुवात मात्र खरोखरच्या बोलावण्यानं झाली होती. पहिली मास्टर्स 1975 ची, लंडनच्या फुलहॅम भागातल्या वेस्ट सेंटर हॉटेलात. तेव्हा जागतिक क्रमवारी नावाची चीजच अस्तित्वात नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. दहा खेळाडू बोलावले, बेन्सन अँड हेजेस या सिगारेट कंपनीनं पैसे दिले, जॉन स्पेन्सरनं रे रिअर्डनला 9-8 असं हरवून 2,000 पौंडांचं पहिलं बक्षीस घेतलं. पुढे पाहुणे वाढत गेले. 1981 ला बारा, 1983 ला सोळा. 1979 ला मुक्काम वेम्ब्ली कॉन्फरन्स सेंटरमध्ये आला, आणि तिथे स्पर्धा पंचवीसेक वर्षं रुजली. 2012 पासून ती उत्तर लंडनच्या टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरते. लाडाचं नाव 'अ‍ॅली पॅली'.

सिगारेट कंपनीचा उल्लेख जाता जाता करायचा नाही, कारण त्या काळच्या स्नूकरचा तो कणाच होता. ब्रिटनमध्ये टीव्हीवर सिगारेटची जाहिरात करायला बंदी होती, पण स्पर्धेला नाव देता येत होतं. बीबीसीवर तासन् तास चालणारा खेळ, पडद्यावर सतत कंपनीचं नाव. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं? मग 2003 मध्ये तंबाखूच्या प्रायोजकत्वावरही बंदी आली, बेन्सन अँड हेजेसनं निरोप घेतला आणि पुढच्या वर्षीची मास्टर्स चक्क प्रायोजकाविना झाली. स्पर्धा तरली ती नावावर. तोवर तिच्याभोवती इतक्या आठवणी जमा झाल्या होत्या की ती बंद करायचा विचार कुणाला परवडला नसता.

मार्करकाकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. घाम कशाला?

एक उत्तर पैशाचं आहे आणि ते कागदावर मांडलं की डोळे विस्फारतात. मास्टर्स जिंकायला चार मॅच लागतात. पहिल्या तिन्ही बेस्ट ऑफ 11, अंतिम सामना बेस्ट ऑफ 19. म्हणजे सहा, सहा, सहा आणि दहा, एकूण 28 फ्रेम जिंकायच्या. साडेतीन लाखांना 28 नं भागा: जिंकलेल्या एका फ्रेमला 12,500 पौंड. आता शेफिल्डची जागतिक स्पर्धा घ्या. तिथे दहा, तेरा, तेरा, सतरा आणि अठरा अशा 71 फ्रेम जिंकाव्या लागतात, सतरा दिवस घासावं लागतं, आणि बक्षीस पाच लाख. फ्रेममागे सात हजारांच्या आसपास. मास्टर्सचे आठ दिवस हे फारच महाग आठ दिवस म्हणावे लागतील.

आणि हे विजेत्याचं झालं. 2025 ला पहिल्याच मॅचमध्ये हरलेल्याला 25,000 पौंड मिळाले. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. खालच्या क्रमांकावरच्या खेळाडूंचं घर चालावं म्हणून दौऱ्याच्या आयोजकांनी 2022 पासून प्रत्येकाला हंगामाला किमान 20,000 पौंडांची हमी दिली. म्हणजे शंभराव्या क्रमांकाच्या खेळाडूला वर्षभर गावोगाव फिरून ज्याची हमी आहे, त्यापेक्षा जास्त रक्कम सोळाव्याला एका दुपारी हरून मिळते. मला ही गोष्ट बोचते. बंद दाराआडच्या स्पर्धेचे गुण मोजायचे नाहीत इथपर्यंत न्याय केला खरा, पण सराव, प्रवास, प्रशिक्षक हे सगळं पैशानंच येतं, आणि पैसा गुणांसारखा वहीतून वगळता येत नाही.

दुसरं उत्तर टेबलाचं. इतर बहुतेक स्पर्धांत सुरुवातीला एकाच हॉलमध्ये कित्येक टेबलं मांडलेली असतात. शेफिल्डच्या क्रुसिबल थिएटरमध्येसुद्धा उपांत्य फेरीपर्यंत दोन टेबलं असतात, मधे पडदा. पलीकडे कुणी अवघड लाल उडवला की अलीकडे टाळ्या ऐकू येतात आणि क्यू ओढत असलेला खेळाडू दचकतो. मास्टर्समध्ये पहिल्या दिवसापासून एकच टेबल. दुपारी एक मॅच, रात्री एक. हॉलमधले सगळे डोळे, सगळे कॅमेरे आणि सगळी शांतता त्या एका हिरव्या कापडावर. जाणकार खेळाडूंनाही याचं दडपण येतं. एका फटक्यापूर्वी कुणीतरी खोकतं तेव्हा तो खोकला आपल्यासाठीच आहे असं वाटत असावं.

त्यातून सोपी मॅच नावाचा प्रकार नाही. टेनिसच्या मोठ्या स्पर्धेत अव्वल खेळाडू पहिल्या फेरीत शंभराव्या क्रमांकाशी खेळून हात मोकळे करून घेतो. इथे पहिल्याच दिवशी समोर जगातला दहावा किंवा बारावा उभा असतो, कदाचित माजी जगज्जेता. म्हणून मास्टर्सचा विजेता ठरला की "नशिबानं ड्रॉ बरा मिळाला" असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि तिसरं उत्तर मला सर्वांत आवडतं, पण ते सिद्ध करता येत नाही. हरल्यानं क्रमवारीत काहीच जात नसेल तर माणूस वेगळा खेळतो का? मानांकन स्पर्धेत 3-7 असा मागे पडलेला खेळाडू सेफ्टी, म्हणजे समोरच्याला फटका अवघड जाईल असं, खेळत, पांढरा बॉल पार मागच्या कुशनला नेऊन ठेवत, एकेक फ्रेम ओढत बसेल. मास्टर्सच्या इतिहासात मात्र असे इतके सामने आहेत की पिछाडीवरचा माणूस अचानक सुटतो आणि पुढच्याला कळेपर्यंत सामना फिरलेला असतो.

1991 चा अंतिम सामना घ्या. माइक हॅलेट 7-0 असा पुढे होता, मग 8-2. आधी नऊ फ्रेम घेणारा जिंकणार, म्हणजे त्याला आणखी एकच फ्रेम हवी. ती त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. स्टीफन हेंड्रीनं सलग सात घेऊन 9-8 नं करंडक नेला. हेंड्री 1989 ते 1993 सलग पाच वर्षं विजेता होता, इतका की मूळ करंडक त्यालाच कायमचा देऊन टाकला. पदार्पणापासून या स्पर्धेत तो हरला नव्हता. पहिला पराभव 1994 च्या अंतिम सामन्यात, अ‍ॅलन मॅकमॅनसकडून, तोही 9-8.

पण पिछाडीवरून येण्याचं नाव म्हणजे पॉल हंटर. सोनेरी केसांचा, लीड्सचा हसरा पोरगा. तीन वेळा मास्टर्स जिंकला, 2001, 2002 आणि 2004. तिन्ही अंतिम सामने 10-9. तिन्ही वेळा तो आधी खड्ड्यात होता. 2001 ला फर्गल ओ'ब्रायनविरुद्ध दुपारचं सत्र संपलं तेव्हा तो 2-6 असा मागे होता. मधल्या सुट्टीत तो मैत्रिणीबरोबर हॉटेलवर गेला, आणि परत येऊन सहा फ्रेममध्ये चार शतकं, म्हणजे एका पाळीत शंभर किंवा जास्त गुण, ठोकली. सुट्टीत काय केलं हे त्यानं पत्रकारांना 'प्लॅन बी' म्हणून हसत हसत सांगून टाकलं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरांना मथळा आयता मिळाला. 2002 ला मार्क विल्यम्सविरुद्ध 0-5. 2004 ला तर समोर ओ'सलिव्हन होता आणि धावफलक 2-7. ऑक्टोबर 2006 मध्ये कर्करोगानं तो गेला, वय 27. आता विजेता जो करंडक उचलतो त्याला 2016 पासून पॉल हंटर करंडक म्हणतात.

मधल्या काळात बोलावण्याची पद्धत थोडी सैल होती, तीही सांगायला हवी. सोळांखेरीज आणखी दोघांना 'वाइल्ड कार्ड' देऊन घ्यायचे. त्यांनी आधी पंधराव्या आणि सोळाव्या मानांकिताला हरवायचं, मग मुख्य फेरी. घरच्या कार्यात शेजारच्या हुशार मुलाला आवर्जून बोलवावं तसं. 2010 नंतर हे बंद झालं. मला वाटतं चुकलंच, कारण या खिडकीतून एकदा जो आत आला त्यानं स्पर्धेला तिचा सर्वांत हळवा क्षण दिला.

2007. चीनचा डिंग जुन्हुई, वय 19. मोठ्या स्पर्धा जिंकूनही पहिल्या सोळांत नव्हता, म्हणून वाइल्ड कार्ड. पहिल्याच मॅचमध्ये अँथनी हॅमिल्टनविरुद्ध त्यानं 147 केले. तिथून थेट अंतिम सामन्यात, समोर ओ'सलिव्हन. लंडनचे प्रेक्षक ओ'सलिव्हनचे घरचे. डिंगनं पहिल्या दोन फ्रेम घेतल्या आणि मग ओ'सलिव्हन असा सुटला की पोराला काही सुचेना. 9-3 झाल्यावर डिंगनं हात पुढे केला. त्याला वाटलं सामना संपला. ओ'सलिव्हननं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन तो आत गेला. परत येऊन डिंगनं उरलेली फ्रेम खेळली, 10-3 असा हरला, डोळे भरलेले. त्या दिवशीचा ओ'सलिव्हनचा खेळ लोक विसरले असतील, खांद्यावरचा हात विसरले नाहीत.

ओ'सलिव्हनचं नाव इतक्यांदा आलं ते उगाच नाही. 1995 मध्ये 19 व्या वर्षी तो मास्टर्सचा सर्वांत तरुण विजेता झाला. 2024 मध्ये, 48 व्या वर्षी, सर्वांत वयस्कर. मधे आणखी सहा. एकूण आठ वेळा. एका स्पर्धेच्या वयाच्या दोन्ही टोकांवर एकाच माणसाचं नाव, असं दुसऱ्या खेळात चटकन आठवत नाही.

आता एक गोष्ट जवळून बघू, कारण मास्टर्स जिथे खरी कळते ती जागा हीच. 1998 चा अंतिम सामना. हेंड्री 9-6 नं पुढे, मार्क विल्यम्सनं 9-9 केलं. शेवटच्या फ्रेममध्ये सगळे बॉल आत गेले आणि धावफलक म्हणतो 56-56. अशा वेळी टेबलावर फक्त दोन बॉल येतात: काळा आपल्या ठिपक्यावर, पांढरा दुसऱ्या टोकाच्या अर्धवर्तुळात कुठेही. नाणेफेक जिंकणारा ठरवतो पहिला फटका कुणी मारायचा. जो काळा आत घालेल तो जिंकला, जो फाउल करेल तो हरला. आठ दिवसांची स्पर्धा, एकोणीस फ्रेम, आणि शेवटी दोन बॉल.

पहिला मारणारा सहसा काळा आत घालायला जात नाही, काळ्याला कुशनवर नेतो, पांढरा दूर ठेवतो. समोरचाही तेच करतो. प्रत्येक फटक्यानंतर काळा एखाद्या खिशाच्या तोंडाशी थोडा जवळ येतो किंवा दूर जातो, आणि हॉलमध्ये श्वास सोडल्याचा आवाज येतो. हेंड्रीला संधी आली, हुकली. विल्यम्स वाकला आणि काळा आत गेला. गंमत अशी की 1975 ची पहिली मास्टर्स, स्पेन्सर विरुद्ध रिअर्डन, तीही अशीच शेवटच्या फ्रेममध्ये पुन्हा ठेवलेल्या काळ्यावर सुटली होती. जिमखान्यात असा प्रसंग आला की आमचे काका दोघांना पाणी प्यायला लावतात, मगच काळा ठेवतात.

निमंत्रितांच्या स्पर्धांचा आणखी एक उपयोग असतो. क्रमवारीचं ओझं नसल्यानं नियमांशी खेळता येतं. रियाधमध्ये 2024 ला भरलेल्या निमंत्रित स्पर्धेत टेबलावर एक जादा सोनेरी बॉल ठेवला होता. 147 पूर्ण करणाऱ्यालाच तो मारायची परवानगी, गुण 20, बेरीज 167. मला तो प्रकार सर्कशीच्या अंगानं जाणारा वाटतो, पण प्रेक्षक आले आणि पैसाही आला. शांघाय मास्टर्स आधी मानांकन स्पर्धा होती, 2018 पासून निमंत्रितांची झाली. म्हणजे पंगत बदलताही येते. लंडनच्या मास्टर्सनं मात्र असे चाळे केलेले नाहीत. तिथे पंधरा लाल, सहा रंगीत, आणि पंचांचे पांढरे हातमोजे.

हा खेळ जन्मला आपल्याकडे, जबलपूरच्या लष्करी छावणीत, 1875 साली. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल मांडले आणि पुढे उटीच्या क्लबात नियम पक्के झाले, अशी सर्वमान्य कथा आहे. ती खरी मानली तर मास्टर्स बरोबर शंभर वर्षांनी सुरू झाली. पण तिच्या सोळांच्या यादीत आजवर एकही भारतीय नाव आलेलं नाही. मुंबईचा आदित्य मेहता 2013 मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यात पोचला आणि डिंगकडून हरला. मानांकन स्पर्धेत तोवर कुठलाही भारतीय इतका पुढे गेला नव्हता. अडचण गुणवत्तेची कमी, हिशेबाची जास्त आहे. दोन वर्षांची कमाई मोजतात म्हणजे दोन वर्षं सतत ब्रिटनमध्ये राहून, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरत, खोलीभाडं भरत टिकून राहायला हवं. पंकज अडवाणीसारख्या खेळाडूनंही तो दौरा थोडा काळ करून सोडला आणि घरी परतून हौशी गटातली विश्वविजेतेपदं गोळा केली. त्याला दोष कोण देणार?

काकांना हे सगळं मी दोन-तीन संध्याकाळींत, टेबल रिकामं होण्याची वाट बघत सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, रात्रीची मॅच आपल्याकडे किती वाजता लागते. लंडनला संध्याकाळी सातला, म्हणजे इथे साडेबाराला. त्यांनी टेबलावरचे दिवे बंद केले, कापडावर ब्रश फिरवला, नेहमीसारखा बाल्कच्या, म्हणजे अर्धवर्तुळाच्या, बाजूकडून काळ्याच्या बाजूकडे, एकाच दिशेनं, आणि म्हणाले, "बरं आहे. क्लब अकराला बंद होतो."